खोटा रोगी, खरी तालीम

तालीम हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. एक घर लाल मातीच्या आखाड्याचे, दुसरे नाटकमंडळीच्या बिऱ्हाडाचे. फडात उतरण्यापूर्वी पहिलवान तालमीत अंग घुसळून घेतो. पडदा वर जाण्यापूर्वी नट तालमीत आपली भाषणे आणि उभे राहण्याच्या जागा घोटून घेतो, आणि दुसऱ्याचे वाक्य कोठे संपते व आपले कोठे सुरू होते तेही पक्के करतो. दोन्ही तालमींत एक सोय आहे. तेथे चुकले तरी चालते. परंतु दोहोंत एक फरकही आहे. पहिली तालीम एकट्याच्या अंगाची. दुसरी दहा जणांच्या मेळाची.

वैद्यकाच्या इतिहासात या दोन्ही तालमी सापडतात. हाताला वळण लावण्याची तालीम फार जुनी. तिचे धडे आपल्याच देशात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहेत. पण डॉक्टर, परिचारिका, सुईण, भूल देणारा, औषध देणारा, व्यायाम देणारा अशा वेगवेगळ्या पेशांच्या माणसांनी एका खाटेभोवती उभे राहून एकमेकांशी कसे बोलावे आणि कोणाचे कोणी ऐकावे, ही दुसरी तालीम मात्र गेल्या चाळीसेक वर्षांतली. आज जगातील कित्येक देशांत या साऱ्या पेशांचे विद्यार्थी एका खोट्या रोग्याभोवती जमतात. तो रोगी धापा टाकतो, त्याची नाडी बुडते, क्वचित तो ‘मरतो’ही. मग सारे जण गोल बसून आपण काय केले याचा विचार करतात. हा खेळ कोठून आला, आणि एवढ्या उशिरा का आला, त्याची ही हकीकत आहे.

भोपळ्यावरचे शस्त्रकर्म

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय आहे ‘योग्यासूत्रीय’ नावाचा. योग्या म्हणजे अभ्यास, हातवळण. अध्याय लहानसा आहे, पण वाचताना आपण एखाद्या मंडईत शिरलो आहोत असे वाटते. शिष्याला छेद घेण्यास शिकवावयाचे ते कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड आणि काकडी यांच्यावर. भेद करावयाचा तो पाण्याने व चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर. खरवडण्याचा सराव केसाळ कातड्यावर. शिरा वेधण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. जखमेचा मार्ग सळईने शोधावयाचा असतो, तो किडीने पोखरलेल्या लाकडात आणि वेळूच्या पोकळीत शोधून पाहावा. रुतलेले शल्य उपटण्याचा धडा फणस, बेल आणि तोंडली यांच्या गरावर, तसाच मेलेल्या जनावरांच्या दातांवर. टाके घालावयाचे ते जाड कापडावर व मऊ चामड्यावर. आणि पट्टे बांधावयाचे ते मनुष्याकृती पुतळ्याच्या अंगोपांगांवर!

म्हणजे ज्याला आपण आज मोठ्या कौतुकाने ‘मॅनिकिन’ म्हणतो, त्याचा पूर्वज या अध्यायात हजर आहे. यामागचा आचार्यांचा विचारही स्वच्छ आहे. सारी शास्त्रे ऐकून झाली तरी ज्याने योग्या केली नाही तो प्रत्यक्ष कर्माला अपात्र. आपल्या खेड्यांतून मुलांना पोहावयास शिकवताना कमरेला वाळलेला भोपळा बांधण्याची रीत होती, ती याच शहाणपणाची. पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही हे खरे. पण पहिली उडी भर पुरात मार, असे कोणी सांगत नाही.

चरकाने याच विद्येची दुसरी बाजू पाहिली. त्याने चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण, एकूण सोळा. परिचारकाच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी माया आणि शुचिता असावी, असे त्याने नेमून सांगितले. परिचारक हा हरकाम्या नव्हे, चिकित्सेचा एक पाय आहे, ही दृष्टी त्या काळच्या मानाने फार मोठी. मात्र एक गोष्ट ध्यानात येते. सुश्रुताच्या त्या अध्यायात जी योग्या आहे ती सारी हाताची. चौघांनी पाऊल एका तालात कसे टाकावयाचे, त्याची योग्या तेथे नाही. ती उणीव पुढे जगभर फार काळ राहिली.

कापडाची बाळंतीण

आता एकदम अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये जावयाचे आहे. तेथे खेडोपाडी बाळंतपणे अडत, आया मरत, मुले जन्मतःच लुळी होत. आंजेलिक द्यु कुद्रे या नावाची एक सुईण पॅरिसमध्ये शिकून ओव्हेर्न्य या डोंगराळ प्रांतात गेली आणि तेथील स्त्रियांची दशा पाहून तिच्या ध्यानात आले, की या अडाणी सुइणींपुढे पुस्तक ठेवून उपयोग नाही. त्यांना अक्षर येत नाही, पण हात चांगले चालतात. तेव्हा हातालाच शिकवले पाहिजे.

तिने कापड, चामडे आणि कापूस यांची एक बाळंतीण शिवली. कंबरेपासून मांड्यांपर्यंतचे शरीर, आत गर्भाशय, आणि त्यात बसणारे, नाळेसह बाहेर येणारे कापडी मूल. ताण किती पडतो हे दाखवण्यास दोऱ्या व पट्टे. तिने त्याला सरळ ‘यंत्र’ असेच नाव दिले. 1759 साली पंधराव्या लुईने तिला देशभर फिरून शिकवण्याची सनद दिली, आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे ही बाई आपले यंत्र गाडीत घालून गावोगाव हिंडली. हजारो सुइणी तिच्या हाताखालून गेल्या. त्या काळी अविवाहित, मध्यमवयीन स्त्रीने असा राजाश्रय मिळवून मुलूख पालथा घालावा, हेच एक नवल!

आपल्या कथेच्या दृष्टीने तिची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ती ज्या गावी शिकवी तेथे शस्त्रवैद्यांनाही आपल्या यंत्रावर तयार करी, म्हणजे ती पुढच्या गावी गेल्यावर त्यांनी शिकवणे चालू ठेवावे. सुईण बाईने पुरुष शस्त्रवैद्याला शिकवावयाचे! दोन पेशे एका बाहुलीभोवती प्रथम उभे राहिले ते येथे, असे म्हणण्यास हरकत नाही. तिचे एक यंत्र रूआँ या गावच्या संग्रहालयात अजून जपून ठेवलेले आहे.

पुढे शंभर वर्षांत मात्र पेशे जवळ येण्याऐवजी दूर गेले. 1860 साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिकांची शाळा निघाली आणि परिचर्येला प्रथमच मानाचे शिक्षण मिळाले. डॉक्टरांची कॉलेजे विद्यापीठांच्या छत्राखाली गेली. प्रत्येक पेशाला आपली शाळा, आपला पोशाख आणि आपली परीक्षा लाभली. हा लाभ मोठा होता. पण त्याची किंमतही होती. जी माणसे पुढे आयुष्यभर एका खाटेभोवती काम करणार, ती शिकताना एकमेकांचे तोंडही पाहीनाशी झाली.

बाहुलीला श्वास

विसाव्या शतकात खोट्याच्या आधाराने खरे शिकण्याची कल्पना पुन्हा उचल खाते, ती वैद्यकात नव्हे, विमानविद्येत. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन-पियानोचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून त्याने 1929 च्या सुमारास एक लहानसे विमान केले, जे जमिनीवरच राहून डुलते, कलते, गिरकी घेते. प्रथम लोकांनी ते जत्रेतील खेळणे मानले. 1934 साली अमेरिकन लष्कराकडे टपाल वाहण्याचे काम आले आणि धुक्यापावसात अननुभवी वैमानिक मरू लागले, तेव्हा लष्कराने घाईघाईने अशी सहा यंत्रे खरेदी केली. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्या ‘निळ्या पेटीत’ शिकले.

वैद्यकातली बाहुली आली तीही एका खेळणीवाल्याच्या हातून. नॉर्वेतील स्टाव्हांगर येथील ऑस्मुंड लेर्दाल हे मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या करीत. त्यांचा लहानगा मुलगा एकदा बुडता बुडता वाचला होता. पीटर सफार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाने श्वास देण्याची रीत सिद्ध केली, तेव्हा ती लोकांना शिकवण्यासाठी लेर्दाल यांनी 1960 साली पूर्ण उंचीची एक बाहुली घडवली. तिचा चेहरा घेतला तो पॅरिसच्या सेन नदीत सापडलेली एक अनाम तरुणी म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्यावरून. ‘ॲन’ या नावाच्या त्या बाहुलीच्या ओठांवर ओठ टेकून जगातील कोट्यवधी माणसे जीव वाचवण्यास शिकली.

मग गती वाढली. लॉस एंजेलिस येथे हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 साली धडधाकट माणसांना रोग्याची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवले. तेव्हा हा सिनेमाचा थाट कशाला, म्हणून लोक हसले. त्याच शहरात 1967 साली एब्रहॅमसन व डेन्सन यांनी ‘सिम वन’ नावाचा संगणकावर चालणारा पुतळा दाखवला. तो डोळे मिचकावी, त्याची छाती हाले, औषध टोचले तर नाडी बदले. तसा एकच पुतळा झाला. तो काळाच्या फार पुढे होता आणि फार महाग होता. एवढे झाले तरी ही सारी तालीम आखाड्यातलीच राहिली, एकट्याच्या हाताची. नाटकाच्या तालमीची गरज वैद्यकाला पटली ती दोन भीषण विमान-अपघातांनंतर.

विमाने का पडली

27 मार्च 1977 रोजी तेनेरीफ बेटाच्या विमानतळावर धुके दाटले होते. एक डच आणि एक अमेरिकन अशी दोन अजस्र विमाने एकाच धावपट्टीवर होती. डच विमानाचा कप्तान साधासुधा नव्हता. आपल्या कंपनीत तो इतर वैमानिकांना शिकवणारा प्रमुख होता. त्याने विमान सोडले. मागे बसलेल्या अभियंत्याला शंका आली की समोरचे विमान अजून पट्टीवरून बाजूला झालेले नसावे. त्याने तसे विचारलेही. कप्तानाने ती शंका ठामपणे उडवून लावली. अभियंता गप्प बसला. पुढच्या काही क्षणांत दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे मेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात याहून मोठा अपघात झालेला नाही.

पुढच्याच वर्षी, 28 डिसेंबर 1978 रोजी, अमेरिकेत पोर्टलंड शहरावर एक प्रवासी विमान सुमारे तासभर घिरट्या घालीत राहिले. चाकांत बिघाड असावा असे वाटल्याने कप्तान त्याच विवंचनेत गढला होता. इंधन संपत आले होते. शेजारच्या साथीदारांना ते दिसत होते. त्यांनी आडून आडून सुचवलेही, पण ‘कप्तानसाहेब, आता उतरलेच पाहिजे’ असे कोणी स्पष्ट बोलले नाही. इंधन संपले, विमान शहरालगत कोसळले आणि 10 जीव गेले.

या दोन्ही अपघातांत कोणाला विमान चालवता येत नव्हते असे नाही. विद्या होती, अनुभव होता, यंत्रेही होती. ज्याला दिसत होते त्याला बोलता आले नाही, आणि ज्याच्या हाती सुकाणू होते त्याला ऐकता आले नाही. 1979 साली अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने यावर परिषद भरवली, आणि 1981 पासून एका मोठ्या विमान कंपनीने आपल्या वैमानिकांना हीच गोष्ट शिकवण्यास आरंभ केला: धाकट्याने नेमके कसे बोलावे, थोरल्याने कसे विचारावे, काम कसे वाटून घ्यावे. हा धडा लिंकच्या पेटीचे वारस असलेल्या नकली विमानांतच, पण आता साऱ्या चमूला एकत्र बसवून, दिला जाऊ लागला.

शस्त्रक्रियागृहातील रंगभूमी

कॅलिफोर्नियातील डेव्हिड गाबा हे पेशाने भूलतज्ज्ञ. भूल देणे हे काम विमान चालवण्यासारखेच असते, असे पुष्कळांनी म्हटले आहे: तासन्‌तास शांतता आणि एखादा क्षण काळजाचा थरकाप करणारा. गाबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 च्या सुमारास एक पुतळा, खरी यंत्रे आणि खरे शस्त्रक्रियागृह यांची सांगड घालून संकटाचे प्रसंग उभे केले. 1990 साली त्यांनी वैमानिकांच्या त्या धड्यांवरून बेतलेला वर्ग भूलतज्ज्ञांसाठी काढला.

त्यातील खरी नवलाई पुतळ्यात नव्हती, पुतळ्यानंतरच्या बैठकीत होती. प्रसंग संपला की सर्वांनी एकत्र बसून त्याची ध्वनिचित्रफीत पाहावयाची. कोणी कोणाला काय सांगितले? ते ऐकले गेले का? मदतीला हाक मारण्यास एवढा वेळ का लागला? या बैठकीला बहुधा प्रसंगापेक्षा अधिक वेळ दिला जातो आणि तिचा पहिला नियम असा, की येथे कोणाची झाडाझडती घ्यावयाची नाही. ‘तू चुकलास’ असे म्हणावयाचे नाही. ‘त्या वेळी तुझ्या मनात काय चालले होते?’ असे विचारावयाचे. शिक्षकाच्या दृष्टीने पुतळा चालवण्यापेक्षा ही बैठक चालवणे कितीतरी अवघड.

पण आरंभीच्या या नाटकात एक गंमत होती. शिकणारा भूलतज्ज्ञ खरा असे. सर्जन आणि परिचारिका यांच्या भूमिका मात्र बहुधा शिक्षकमंडळीच वठवीत. एकच नट खरा, बाकी सारे बदली! मेळाची तालीम मेळावाचून किती दिवस चालणार? ज्याची भूमिका त्यानेच करावयास हवी होती.

ज्यांना ठाऊक होते

ही गरज किती जिवावरची आहे, ते इंग्लंडातील एका घटनेने सर्वांना दिसले. 2005 सालच्या मार्च महिन्यात मार्टिन ब्रॉमिली या वैमानिकाची पत्नी नाकाच्या एका किरकोळ शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल झाली. भूल दिल्यावर तिचा श्वासमार्ग बंद पडला. खोलीत तीन अनुभवी डॉक्टर होते, साधने होती. ते श्वासनळीत नळी घालण्याचा यत्न पुनःपुन्हा करीत राहिले. वेळेचे भान सुटले. अशा वेळी गळ्याला छेद देऊन हवेला वाट करावयाची असते. एक परिचारिका त्यासाठीचे साहित्य घेऊन आली आणि ते तयार आहे असे तिने सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवण्यास फोन केला. पण डॉक्टरांच्या चेहऱ्यांवरून आपण उगाच घाई केली असे तिला वाटले आणि तिने ती खाट परत केली. काही दिवसांनी ती तरुण आई दोन लहान मुलांना मागे ठेवून वारली.

चौकशीत परिचारिकांच्या बोलण्यातून पुढे आले ते असे: काय करावयास हवे ते आम्हांला ठाऊक होते, पण ते कसे बोलावे ते कळेना. तेनेरीफच्या अभियंत्याचे दुखणे तेच. ब्रॉमिली यांनी कोणाला शिक्षा व्हावी असा आग्रह धरला नाही. विमानविद्येने जे शिकून घेतले ते वैद्यकानेही शिकावे, म्हणून त्यांनी 2007 साली एक संस्था काढली आणि आपले दुःख शिक्षणाच्या कामी लावले.

बोलावे कसे, हे शिकवता येते. आणि ते नोकरीत मुरल्यावर शिकवण्यापेक्षा विद्यार्थिदशेत शिकवणे सोपे. पदांची उतरंड मनात पक्की बसण्यापूर्वीच माणसे एकत्र आणावीत, हा विचार मूळ धरू लागला होताच. स्वीडनमधील लिंशोपिंग येथे 1986 पासून सर्व आरोग्यपेशांच्या विद्यार्थ्यांचा आरंभीचा अभ्यास एकत्र ठेवला गेला, आणि 1996 साली तेथे एक वॉर्डच अशा संमिश्र विद्यार्थ्यांच्या हाती, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सोपवण्यात आला. 1988 साली जागतिक आरोग्य संघटनेने एकत्र काम करण्यासाठी एकत्र शिकण्याची शिफारस केली आणि 2010 साली तिचा आराखडा दिला. अमेरिकेत 1999 च्या एका अहवालाने रुग्णालयांतील चुकांमुळे वर्षाला 44,000 ते 98,000 माणसे दगावत असावीत असा अंदाज मांडला, तेव्हा साऱ्यांचीच झोप उडाली. 2006 साली तेथील सरकारने चमूच्या शिक्षणाचा एक तयार पाठच देशाला दिला.

या तालमीत शिकवतात त्या गोष्टी ऐकावयास अगदी साध्या आहेत. निरोप देताना चार गोष्टी क्रमाने सांगावयाच्या: आता काय घडते आहे, पूर्वपीठिका काय, मला काय वाटते, आणि काय करावे. ही रीत मूळ अमेरिकन आरमाराच्या पाणबुड्यांवरची. ‘कोणीतरी इंजेक्शन आणा’ असे हवेत म्हणावयाचे नाही. नाव घेऊन सांगावयाचे, ऐकणाराने ते परत म्हणून दाखवावयाचे आणि काम झाल्यावर ‘झाले’ असे कळवावयाचे. शंका एकदा सांगून ऐकली गेली नाही तर दुसऱ्यांदा सांगावयाची. तरीही ऐकली गेली नाही तर वरच्या माणसाला बोलवावयाचे. अशा वेळी काय बोलावे, त्याची वाक्येच ठरवून दिलेली असतात: मला काळजी वाटते, मला हे बरे दिसत नाही, येथे रोग्याच्या जिवाला धोका आहे. नटाला भाषण पाठ असले म्हणजे घाबरगुंडी उडाली तरी जीभ चालते, तसेच हे.

ब्रिस्टलची बाळे

पण या नाटकाने खऱ्या रोग्यांचे काही भले झाले का? शंका रास्त आहे. तिचे सर्वांत बोलके उत्तर एका प्रसूतिगृहातून आले, हा योग मोठा सुरेख. कारण द्यु कुद्रेबाईंचे यंत्रही बाळंतिणीचेच होते.

इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी साउथमीड रुग्णालयात 2000 सालापासून प्रसूतिगृहातील सर्व सुइणी आणि सर्व डॉक्टर यांची वर्षातून एकदा एकत्र तालीम सुरू झाली. आपल्याच रुग्णालयात, आपल्याच माणसांसह, पुतळ्यावर आणि भूमिका घेतलेल्या माणसांवर. जन्मताना प्राणवायू न मिळाल्याने मेंदूला इजा झालेल्या बाळांचे प्रमाण तेथे दर दहा हजार जन्मांमागे 27.3 होते, ते 13.6 वर आले. मुलाचा खांदा अडकणे हा प्रसूतीतील मोठा धोक्याचा प्रसंग. अशा प्रसंगी बाळाला इजा होण्याचे प्रमाण शेकडा 9.3 वरून 2.3 झाले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांची पाहणी 2010 साली प्रसिद्ध झाली. तेथे तालमीला पुतळ्याऐवजी चर्चेची आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या बोलण्याची जोड होती. शिक्षण झालेल्या 74 रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा 18 ने घटले. शिक्षण न झालेल्या 34 ठिकाणी 7 ने.

हे आकडे नोकरीतल्या माणसांचे आहेत, विद्यार्थ्यांचे नव्हेत. विद्यार्थ्यांच्या तालमीचे फळ वर्षांनी येते आणि मधल्या काळात इतर शंभर कारणे मिसळतात. म्हणून ते मोजणे कठीण. पण बीज कोणते पेरावयाचे ते यावरून कळते.

सावधगिरीचा धडाही आहे, आणि तो आपल्या घराजवळचा. नवजात बाळाला पहिला श्वास घेण्यास मदत कशी करावी, हे शिकवणारा एक अभ्यासक्रम 2010 साली निघाला. त्यातली बाहुली पाण्याने भरतात, म्हणजे हातात घेताना खऱ्या बाळाचे वजन भासावे. सुश्रुताच्या पाण्याने भरलेल्या पिशवीची आठवण यावी! हा अभ्यासक्रम बेळगाव, नागपूर आणि केनिया येथे राबवून मोजमाप झाले. शिकणारांचे कौशल्य वाढले, पण त्या टापूतील एकंदर बालमृत्यूंत स्पष्ट घट दिसली नाही. उलट टांझानियातील हायडोम या ग्रामीण रुग्णालयात हीच तालीम तीन ते पाच मिनिटांची, पण वारंवार, कामाच्या जागीच घेतली गेली. तेथे पहिल्या दिवसातील बालमृत्यू दर हजारी 11.1 वरून 7.2 वर आले. एकदा घेतलेली तालीम उत्सवासारखी विरून जाते. रोजची तालीम अंगात मुरते. हे कोणत्याही गवयाला विचारले तरी तो सांगेल.

एका छत्राखाली

आपल्या देशात 2019 सालापासून डॉक्टरीच्या नव्या अभ्यासक्रमात कौशल्य-प्रयोगशाळा आवश्यक ठरली. डॉक्टराच्या ज्या पाच भूमिका त्यात सांगितल्या, त्यांत एक आहे आरोग्यचमूचा नेता आणि घटक ही. ‘घटक’ हा शब्द ज्याने घातला त्याला धन्यवाद दिले पाहिजेत. नेता होण्यास सारेच तयार असतात.

परंतु डॉक्टरांची नियामक संस्था वेगळी, परिचारिकांची वेगळी, औषधशास्त्राची वेगळी. इतर सहायक पेशांसाठी 2021 साली कायदा होऊन आणखी एक झाली. ज्याचा त्याचा अभ्यासक्रम, ज्याचे त्याचे वेळापत्रक. महाराष्ट्रापुरते पाहिले तर एक सोय अनायासे झालेली आहे. नाशिक येथे 1998 साली स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार असे अनेक पेशे आहेत. या सर्वांच्या पदवीपत्रांवर एकच मुद्रा उमटते. मग पदवीपूर्वी त्यांनी काही दिवस एका पुतळ्याभोवती उभे राहावे, हे फार अवघड नसावे.

पैशाची सबब सांगितली जाईल. श्वास घेणारे पुतळे महाग असतात, ही गोष्ट खरी. पण या तालमीत महाग असतो तो पुतळा; आणि महत्त्वाचे असते ते बोलणे, ऐकणे आणि नंतरची बैठक. त्यांना पैसे पडत नाहीत. पडतो तो वेळ, आणि थोरांना थोडा मान बाजूला ठेवावा लागतो. रोगी म्हणून खाटेवर एखादा विद्यार्थी निजला तरी पुष्कळ भागते. ज्या देशाने कोहळ्यावर शस्त्रकर्म शिकवले त्याने साधनांची उणीव सांगू नये.

आपल्यापैकी प्रत्येकावर, केव्हा ना केव्हा, खाटेवर डोळे मिटून पडण्याची वेळ येणार आहे. भोवती चार-सहा माणसे असतील, आणि त्यांतील एखाद्या धाकट्या परिचारिकेला इतरांना न दिसलेली गोष्ट दिसेल. ती बोलली आणि थोरल्याने मान वर करून ऐकले, की चरकाचे ते चार पाय एका तालात पडले म्हणावयाचे. त्यासाठी त्या मुलीने आणि त्या डॉक्टराने विशीत असताना, एखाद्या पुतळ्याच्या उशाशी, एकमेकांशी बोलण्याची योग्या केलेली असावी, एवढेच मागणे.